मागच्या सीटवरचा घुमारा : एका ई२२०चं प्रकरण

गाडी माझ्या दारात आली तेव्हा तिच्या सायलेन्सरचं काम होऊन तीन महिने झाले होते. मालक पंचेचाळिशीतले, कोथरूडला राहणारे. गाडी वडिलांची: १९९६ सालची मर्सिडीज ई२२०, गडद निळी, मुंबईत नोंदलेली आणि पुढे कुटुंबाबरोबर पुण्यात आलेली. वडील जाऊन चार वर्षं झाली. आई पंचाहत्तरीच्या. त्या गाडीत कायम मागे डावीकडे बसतात, यजमान होते तेव्हाही तिथेच बसायच्या. मालक म्हणाले, "गाडी चालवायला मस्त झालीय, पण आई आता बसायलाच तयार नाही. म्हणते, कान भरून येतात, मळमळतं. मला तर चालवताना काहीच होत नाही. तुम्ही एकदा बघता का?"

हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते त्या 'मला तर काहीच होत नाही'मुळे. गेली वीस-बावीस वर्षं मी जुन्या मोटारींची कामं करतो. आवाज बदलून द्या म्हणणारे दर महिन्याला दोघे-तिघे येतात. आवाज वाढवणं आणि आवाज बदलणं ही एकच गोष्ट आहे असं बहुतेकांना वाटतं, आणि काम करून देणाऱ्यांतल्या पुष्कळांनाही वाटतं. इथे त्या गैरसमजापायी आई-मुलात अबोला आला होता. मुलाला वाटत होतं आई जुन्याला चिकटून बसलीय, आईला वाटत होतं मुलगा ऐकूनच घेत नाही. दोघंही अगदी खरं बोलत होते, आणि ते मोजून दाखवता आलं.

आधी गाडीबद्दल. ती डब्ल्यू१२४ या मालिकेतली, ही मालिका युरोपात १९८४च्या अखेरीस आली. भारतात मर्सिडीजची कंपनी १९९४ साली स्थापन झाली आणि १९९५पासून पिंपरीला टेल्कोच्या आवारात याच गाडीची जोडणी सुरू झाली. भारतात तयार झालेली पहिली मर्सिडीज मोटार पुण्याची, त्यामुळे इकडच्या माणसाला या गाडीबद्दल वेगळी माया असते. पेट्रोलमधली ई२२० म्हणजे एम१११ इंजिन: चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, २१९९ सीसी, १५० अश्वशक्ती. शर्यत लावायची ही गाडी नाही. मुंबईला जाऊन, काम उरकून, संध्याकाळी परत आल्यावरही अंग दुखू नये म्हणून केलेली ही गाडी आहे. मूळ सायलेन्सरही त्याच वृत्तीचा. मधे एक डबा, मागे एक मोठा डबा आणि टेलपाइप बंपरखाली दिसेल न दिसेल असा. इंजिन गरम झाल्यावर सिग्नलला उभं राहिलं की चालू आहे की बंद पडलं हे आत बसलेल्याने काट्याकडे बघूनच ठरवावं.

मालकांना हवा होता तो याच अंगाच्या दुसऱ्या गाडीचा आवाज. डब्ल्यू१२४मध्येच ५००ई नावाची एक गाडी होती. पाच लिटरचं व्ही८ इंजिन, म्हणजे इंग्रजी 'व्ही'च्या आकारात दोन बाजूंना चार-चार सिलिंडर, ३२६ अश्वशक्ती, आणि तिच्या बांधणीत पोर्शच्या झुफेनहाउझेन कारखान्याचा मोठा वाटा. बाहेरून बघितलं तर फुगीर चाकपट्ट्या सोडता दोघी बहिणीच. मालकांनी तिची ध्वनिमुद्रणं इतक्या वेळा ऐकली होती की कोणत्या गिअरला कसा आवाज येतो हे ते तोंडाने करून दाखवत. वडिलांची गाडी आपल्या हातात आली, तिला जरा भारदस्त आवाज द्यावा, एवढीच त्यांची इच्छा. ती इच्छा मला चूक वाटली नाही, आजही वाटत नाही.

ज्या दुकानात त्यांनी काम करून घेतलं तिथे तीन गोष्टी झाल्या. मधला डबा काढून तिथे सरळ पाइप टाकला. मागचा डबा काढून त्या जागी आरपार नळीचा छोटा मफलर बसवला, म्हणजे बाहेर स्टीलचं नळकांडं, आत भोकं पाडलेली सरळ नळी आणि भोवती ग्लासवूल. आणि कॅटकॉन, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढून टाकला. पाइपही मूळ ५० मिलिमीटरऐवजी ६३चा. काढलेला माल दुकानदाराने ठेवून घेतला. 'ते भंगार तुम्हाला काय कामाचं' असं म्हणून. कॅटकॉनच्या आत प्लॅटिनमच्या जातीचे मौल्यवान धातू असतात, त्या भंगाराला चांगली किंमत येते, हे मालकांना माझ्याकडून पहिल्यांदा कळलं. मला यात सर्वांत जास्त वाईट वाटलं ते मूळ डबे गेल्याचं. जुन्या गाडीवर कुठलंही काम करून घेताना निघालेला प्रत्येक भाग, गंजलेला असला तरी, घरी न्यावा. परतीची वाट तेवढी एकच असते.

गाडी तपासायला मी मालकांना चालवायला सांगितलं आणि स्वतः मागे डावीकडे, काकूंच्या जागेवर बसलो. चांदणी चौक, पुढे बायपास, मग द्रुतगती मार्ग. शहरात आवाज नुसता मोठा होता. खरा प्रकार सुरू झाला तो पाचव्या गिअरमध्ये, ताशी नव्वदच्या पुढे. काटा २५००वर गेला आणि गाडीत एक जड, सलग 'हूंऽऽ' भरायला लागला. कानाला ऐकू येण्याआधी तो छातीत जाणवत होता. शंभरवर, म्हणजे इंजिनच्या २६०० फेऱ्यांना, मागची काच बोटाने चाचपली तर थरथरत होती. तळेगाव येईपर्यंत माझंही डोकं जड झालं. "कसं वाटतंय?" मालकांनी पुढून विचारलं. त्यांचा आवाज अगदी मोकळा होता, त्यांना खरंच काही होत नव्हतं. पुढच्या थांब्यावर आम्ही जागा बदलल्या. मी चालवायला बसलो, ते मागे. दहा मिनिटांनी ते गप्प झाले, आणि मग म्हणाले, "आईला हे रोज होत होतं?"

त्यानंतर मापं घेतली. दुकानदाराने त्यांना मोबाइलवरच्या आवाज मोजायच्या अॅपमध्ये आकडा दाखवला होता: बदलाच्या आधी आणि नंतर मिळून फरक दोन-तीन डेसिबलचा. तो आकडा खोटा नव्हता, पण ते माप या कामाचं नव्हतं. ही अॅप बहुधा 'ए' भाराने मोजतात. आपला कान मंद पातळीवर खर्जातले स्वर कमी ऐकतो, म्हणून त्या मापात खर्जाचं वजन मुद्दाम कमी धरलेलं असतं. ८५-९० हर्ट्झच्या आसपास तब्बल २० डेसिबलच्या वर कापले जातात. त्रास नेमका त्याच पट्ट्यात होता. मी साधा मापनाचा मायक्रोफोन लॅपटॉपला जोडून स्वरांचा आलेख काढला. शंभरच्या वेगाला ८७ हर्ट्झवर एक सुळका उभा. मायक्रोफोन मालकांच्या कानाशी धरला तेव्हा तो सुळका जेवढा होता, त्याहून ११ डेसिबलने उंच तो मागे, काकूंच्या डोक्याच्या जागी.

८७ कुठून आले? चार सिलिंडरचं चार स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेरीला दोनदा पेटतं. २६०० फेऱ्यांना मिनिटाला ५२०० ठोके, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ८७. हा इंजिनचा षड्ज म्हणा. तो कुठल्याही सायलेन्सरने बदलत नाही, फक्त दबतो किंवा सुटतो. आता गाडीची खोली बघा. पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत अंतर दोन मीटरच्या आसपास. बंद खोलीत आवाजाची लाट पुढून मागे आपटत राहते, आणि जिची अर्धी लांबी खोलीएवढी ती लाट तिथे ठाण मांडून बसते. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर दोन मीटरच्या खोलीचा स्वतःचा स्वर येतो ८६ हर्ट्झ. इंजिनचा ठोका आणि खोलीचा स्वर शंभरच्या वेगाला एकमेकांवर बरोबर येऊन बसत होते. आणि अशा ठाण मांडलेल्या लाटेत दाब सगळीकडे सारखा नसतो. दोन्ही टोकांना सर्वांत जास्त, मध्यावर जवळजवळ शून्य. चालवणाऱ्याचं डोकं खोलीच्या मध्याजवळ. मागे बसणाऱ्याचं डोकं मागच्या काचेला लागून.

हे मी त्यांच्या घरी जाऊन, काकूंसमोर, कागदावर काढून दाखवलं. गाडीचं चित्र, त्यात वाकडी लाट, लाटेच्या मध्यावर मुलगा आणि टोकाला आई. काकू चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या. मग मुलाला म्हणाल्या, "म्हणजे तुला ऐकूच येत नव्हतं तर." एवढंच. मला वाटतं, त्या क्षणी निम्मं काम झालं.

मग सुधारणा. आरपार नळीच्या मफलरमध्ये दोष काय ते इथे सांगायला हवं, कारण आपल्याकडे सगळे 'स्पोर्ट्स सायलेन्सर' बहुधा त्याच जातीचे असतात. ग्लासवूल आवाज शोषून घेतं, पण ते शोषण चालतं वरच्या स्वरांवर: चरचर, सूं, फर्रर्र. खर्जाची लाट कित्येक मीटर लांब, तिला दोन-तीन इंचांचा कापसाचा थर म्हणजे काहीच नाही. खर्ज अडवायला लागतात ते कप्पे. मूळ सायलेन्सरच्या डब्यात आडव्या भिंती असतात, वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात वळणं घेत जातो, लाट भिंतींवर आपटून मागे फिरते आणि येणाऱ्या लाटेला मारते. डबा जेवढा मोठा तेवढा खर्ज चांगला अडतो. म्हणूनच कंपनीचा मागचा डबा सुटकेसएवढा असतो. तो काढून हातभर नळकांडं बसवलं की वरची चरचर जाते, खर्ज तसाच्या तसा राहतो. ऐकणाऱ्याला बाहेर वाटतं आवाज भारी झाला. आत बसणाऱ्याला गुदमरतं.

व्ही८चं काय, हा प्रश्न राहिला होता. मालकांनी तो परत काढला, आणि मला तो टाळायचा नव्हता. व्ही८चा तो गडगडाट मोठेपणातून येत नाही, ठोक्यांच्या अंतरातून येतो. अशा इंजिनात एका बाजूच्या चार सिलिंडरचे ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत: क्रँक म्हणजे इंजिनचा फिरणारा दांडा, त्याच्या कधी ९० अंशांनी, कधी १८०नी, कधी २७०नी. कानाला ते लयीतलं अडखळणं गोड लागतं. आपल्या चार सिलिंडरचे ठोके दर १८० अंशांनी, घड्याळासारखे. त्याला कितीही जाड पाइप लावा, लय तीच राहणार. काकूंकडे भिंतीशी गवसणीतला तानपुरा उभा होता, तो बघून मला सांगायला सोपं गेलं. तारेचा स्वर खुंटीने ठरतो. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढली की स्वर तोच राहतो, पण त्यातले वरचे स्वर उघडतात आणि तार बोलू लागते. सायलेन्सरवाल्याच्या हातात फक्त जवारी आहे. खुंटी इंजिनाकडे. काकू म्हणाल्या, "मग जवारीच काढा. स्वर त्यांच्या वेळचाच राहू दे."

मला यापेक्षा नेमकी ऑर्डर कधी मिळाली नाही.

कायद्याची बाजू मी कधीच शेवटी ठेवत नाही, पण या घरात ती लवकर पटली. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल करता येत नाही, आणि १९०व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात आवाजाचं आणि हवेचं प्रदूषण दोन्ही येतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर तिथे पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि तीन महिने लायसन्सही जातं. बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मोटारीवाल्यांना वाटतं ते आपल्याला लागू नाही. शिवाय ही १९९६ची गाडी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते, तेव्हा आरटीओत गाडी उभी करून दाखवायची असते. आणि आणखी एक: पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना २०२१च्या नियमांनी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. या गाडीला ती पात्रता यायला अजून वीस वर्षं आहेत. पण तोवर तिला मूळ रूपात ठेवायचं की नाही, हे आजच्या कापाकापीवर ठरतं. म्हणून मी अट घातली. जे काही करू ते फ्लँजला, म्हणजे पाइपांच्या सांध्यावरच्या चकतीला, नटबोल्टने बसेल आणि निघेल. गाडीच्या अंगाला एकही टाका लागणार नाही.

कॅटकॉनबद्दल तर प्रश्नच नव्हता. १ एप्रिल १९९५पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला, आणि ही गाडी मुंबईत नोंदलेली, म्हणजे ती कारखान्यातून तो घेऊनच आलेली. नवा बसवला. त्या आधी एक तपासणी केली जी मला वाटतं दुकानदाराने केली असती तर मालकांचे तीन महिन्यांचे पेट्रोलचे पैसे वाचले असते. इंजिन थंड असताना टेलपाइपमध्ये ब्लोअरने हवा सोडली आणि पुढच्या फ्लँजवर ब्रशने साबणाचं पाणी लावलं. क्षणात वाटीभर फेस वर आला. पॅकिंग जुनंच ठेवून बोल्ट आवळले होते, त्यातलाही एक आडवा गेलेला. ही गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी, इंजिनच्या बाजूला होती. दोन ठोक्यांच्या मधे पाइपात क्षणभर दाब कमी होतो, तेव्हा बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, तो इंजिनला जास्त पेट्रोल द्यायला लावतो. शहरात नऊ देणारी गाडी सातवर का आली होती, ते तिथे कळलं. नवं पॅकिंग, नवे बोल्ट, परत साबणाचं पाणी. फेस नाही.

आता डबे. पाइप परत ५० मिलिमीटरचा केला. ६३च्या पाइपात वाट दीडपटीहून मोठी होते, वायूचा वेग तेवढाच उतरतो. १५० अश्वशक्तीच्या इंजिनाला त्या मोकळ्या वाटेचा काही उपयोग नव्हता. मागचा डबा मूळ जातीचा, कप्प्यांचा, बाजारात नवा मिळाला तो घेतला. जवारी काढायची जागा मधला डबा. तिथे मूळ कप्प्यांच्या डब्याऐवजी लांब, शोषणाच्या जातीचा बसवला, पण ग्लासवूल कमी दाबून आणि भोकांची नळी डब्याच्या दोन-तृतीयांश लांबीपर्यंतच ठेवून, म्हणजे १५० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यातला आवाज थोडा सुटावा. इंजिनच्या ठोक्याची दुप्पट-तिप्पट तिथे येते, आणि कानाला जो 'भरीव' वाटतो तो आवाज बहुतेक याच पट्ट्यातला असतो. खाली ८७चं दार घट्ट बंद, वर ही खिडकी अर्धी उघडी. ही विभागणी म्हणजे या सगळ्या कामाचा गाभा.

एवढं केल्यावर सुळका बराच उतरला, पण गेला नाही. उरलेल्यासाठी एक बंद तोंडाची शाखा लावली. पाइपला फांदीसारखी एक नळी जोडायची, टोक बंद. लाट फांदीत शिरते, बंद टोकाला आपटून परत येते. फांदीची लांबी लाटेच्या एक-चतुर्थांश असेल तर परत येणारी लाट बरोबर उलट्या पावलावर येते आणि मूळ लाटेला मारते. लांबीसाठी आवाजाचा वेग लागतो, आणि तो वेग तापमानावर असतो. मागच्या पाइपात गरम वायूचं तापमान २२५ अंशांच्या आसपास धरून वेग आला सेकंदाला ४४८ मीटर. भागिले ८७च्या चौपट: १२९ सेंटिमीटर. ही फांदी कुठेही लावून चालत नाही. टेलपाइपच्या उघड्या तोंडाशी दाब नसतोच, तिथे ती मुकी राहते. तोंडापासून साधारण तेवढंच अंतर पुढे, मागच्या ॲक्सलच्या वर, तिची जागा.

भोसरीतल्या मिस्त्रींनी हॉकीस्टिकसारखी वळवून, आरगॉन वेल्डिंगने फांदी तयार केली. शेवटाला मी पक्का पत्रा न लावता सरकणारी डाट ठेवायला सांगितली, आणि ते शहाणपणाचं ठरलं. पहिल्या फेरीत ८७चा सुळका तसाच, उलट ७८च्या जवळ, जिथे काही त्रास नव्हता, तिथे खड्डा पडलेला. गणित बरोबर, गृहीतक चूक. फांदीतला वायू वाहत नाही, आत अडकून बसतो आणि निवतो. टोकाला इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर बाहेरचा पत्रा जेमतेम ९० अंश. आतला वायू सव्वाशे धरला तर वेग उतरतो ४००वर, आणि लांबी येते ११५ सेंटिमीटर. रस्त्याकडेला, वाहनतळावर, हातमोजे घालून डाट दोन-दोन सेंटिमीटर आत सरकवत गेलो. ११६ला मागच्या सीटवरचा मायक्रोफोन एकदम शांत झाला. मालक मागे बसले होते. काहीतरी बंद पडल्यासारखे दचकून म्हणाले, "गेला!" मिस्त्रींनी तिथे खूण केली आणि दुसऱ्या दिवशी टोक पक्कं बंद केलं.

एक त्रास मधेच उपटला. गाडी सुरू केल्यावर वीस मिनिटं सगळं ठीक, मग खालून टकटक. गॅरेजमध्ये रॅम्पवर घेतली की काही नाही. नवा पाइप स्टेनलेस स्टीलचा, आणि ते गरम झाल्यावर साध्या लोखंडापेक्षा जास्त वाढतं. साडेतीन मीटरचा पाइप अडीचशे अंशांनी तापला तर तो १५ मिलिमीटरपर्यंत मागे सरकतो. थंड असताना फांदीचं वळण आणि तळाचा पत्रा यांत एका बोटाची फट होती, गरम झाल्यावर ती संपत होती. हँगर पुढे घेतले, रबराच्या रिंगा नव्या घातल्या, आणि गिअरबॉक्सजवळचा ब्रॅकेट, जो आधीच्या कामात परत लावलेलाच नव्हता, तो शोधून बसवला. हा ब्रॅकेट नसला की इंजिनच्या थरथरीने सगळा पाइप लोंबकळत हलतो आणि ती थरथर रिंगांमधून सरळ गाडीच्या अंगात जाते. काकूंच्या मळमळीत त्याचाही वाटा असणार.

शेवटची मापं. उभ्या गाडीच्या चाचणीत इंजिन ४१२५ फेऱ्यांवर धरून, टेलपाइपपासून अर्ध्या मीटरवर: आधीच्या कामानंतर १०१ डेसिबल, आता ८८. माझ्याच दुसऱ्या एका ग्राहकाची अजिबात न छेडलेली ई२२० त्याच दिवशी, त्याच जागी मोजली, ती ८४. आत, मागच्या सीटवर, शंभरच्या वेगाला ८७ हर्ट्झचा सुळका १४ डेसिबलने खाली. आणि आवाज? सिग्नलवरून निघताना, दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की मूळ गाडीपेक्षा एक घोगरा, गोलसर सूर येतो, घसा साफ करून बोलणाऱ्या माणसासारखा. ५००ई तो नाही. मालक पहिल्यांदा ऐकून थोडे हिरमुसले, हे मी लपवणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, की कामशेतच्या बोगद्यात काचा खाली करून दोनदा जाऊन आलो. खर्च सगळा मिळून पहिल्या दुकानाच्या दुपटीहून थोडा कमी झाला, त्यातला मोठा भाग कॅटकॉन आणि मागच्या डब्याचा. हे दोन्ही गाडीत आधीच होते.

काकूंबरोबर एकदा गेलो. त्या आपल्या जागी बसल्या, लोणावळ्यापर्यंत बाहेर बघत राहिल्या आणि येताना झोपल्या.

एक गोष्ट राहिलीय, ती मालकांना लिहून दिली आहे. गाडी थंड असताना फांदीतला वायूही थंड, त्यामुळे तिचा स्वर खाली घसरलेला असतो. पहिल्या दहा मिनिटांत कुणी पाचव्या गिअरला २६०० फेऱ्यांवर गेलं तर जुना घुमारा मंदसा ऐकू येतो. कोथरूडहून निघाल्यावर चांदणी चौकाच्या गर्दीत पाचवा गिअर पडतच नाही, आणि बायपासला लागेपर्यंत तो गेलेला असतो.